फंडिंग, पगार आणि शाबासकी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)

या मालिकेत याआधी कादंबऱ्यांवर, नाटकांवर बोललं गेलं. मी आज ज्याची समीक्षा करणार आहे तो लेखनप्रकार अगदी छोटा आहे. एक-दीड पानाचा. तो पुस्तकाच्या दुकानात मिळत नाही, आणि सभागृहातल्या फार थोड्यांनी तो वाचला असेल. अमेरिकेतल्या विद्यापीठांत पीएचडी करता करता खालच्या वर्गांना शिकवणारे जे विद्यार्थी असतात, त्यांना ‘उत्तम शिकवल्याबद्दल’ पुरस्कार देतात. त्या पुरस्कारासाठी अर्ज असतो, शिफारसपत्रं असतात, शिकवण्याविषयीचं एक निवेदन असतं. या कागदांबद्दल मला बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, याची कसली समीक्षा? पण तुमच्यातल्या पुष्कळांच्या घरात या कागदांचं एक टोक येऊन पोचलेलं आहे. ‘आमच्या मुलीला फुल फंडिंग मिळालं’ हे वाक्य ऐकलंय ना? पेढे वाटले जातात. वाटावेतच. पण ते ‘फंडिंग’ म्हणजे बहुतेक वेळा एक नोकरी असते, आणि ती नोकरी म्हणजे शिकवणं.

थोडं समजावून सांगतो, कारण आपल्याकडचं चित्र डोळ्यांसमोर ठेवलं तर घोटाळा होतो. तासिका तत्त्वावर शिकवणारा आपला प्राध्यापक हा शिकून बाहेर पडलेला असतो. तिथला टीए स्वतः अजून विद्यार्थी आहे. एका मोठ्या सभागृहात प्राध्यापक आठवड्यातून दोन-तीनदा तीनशे मुलांसमोर व्याख्यान देतात. मग त्या तीनशेचे वीस-पंचवीसचे गट पाडतात. त्यांना सेक्शन म्हणतात. सेक्शन टीए घेतो. प्रयोगशाळा टीए चालवतो. गृहपाठ, निबंध, पेपर टीए तपासतो. पहिल्या वर्षाच्या मुलाला नावानं ओळखणारा शिक्षक बहुधा हाच असतो. नेमणूक साधारण अर्धवेळ, म्हणजे आठवड्याला वीस तास. बदल्यात ट्यूशन माफ, आरोग्यविमा आणि महिन्याला स्टायपेंड. आपल्या मुलांच्या एफ-वन व्हिसावरही सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीसच तास काम करता येतं. हा वीसचा आकडा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता नावं बघा. समीक्षकानं नावापासून सुरुवात करावी. बहुतेक ठिकाणी ‘टीचिंग असिस्टंट’. हार्वर्डमध्ये ‘टीचिंग फेलो’. प्रिन्स्टनमध्ये ‘असिस्टंट इन इन्स्ट्रक्शन’. बर्कलीला आणि मिशिगनला ‘ग्रॅज्युएट स्टुडंट इन्स्ट्रक्टर’, जीएसआय. काम जवळपास एकच. पण असिस्टंट म्हटलं की तो कुणाचा तरी मदतनीस होतो, फेलो म्हटलं की शिष्यवृत्ती घेणारा होतो. जीएसआय हे नाव मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतं, कारण त्यात ‘इन्स्ट्रक्टर’ आहे. फक्त त्याआधी ‘स्टुडंट’ लावलाय, आणि सगळं भांडण त्या एका शब्दावर झालेलं आहे.

ते असं. हा माणूस विद्यार्थी की कर्मचारी? विद्यापीठांची जुनी भूमिका अशी की शिकवणं हा त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे, आणि आम्ही देतो ती मदत आहे, मजुरी नव्हे. खाजगी विद्यापीठांच्या बाबतीत तिथल्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळानं २००० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्रकरणात सांगितलं, कर्मचारी आहेत. २००४ मध्ये ब्राउनच्या प्रकरणात सांगितलं, नाहीत, हे मुख्यतः विद्यार्थी. २०१६ मध्ये कोलंबियाच्या प्रकरणात पुन्हा, आहेत. माणूस तोच, फळ्यासमोर तोच, खडू तोच. सोळा वर्षांत दोनदा जात बदलली त्याची. (हशा) सरकारी विद्यापीठांना राज्याचा कायदा लागतो, तिथली गोष्ट वेगळी. मॅडिसनला विस्कॉन्सिन विद्यापीठात टीएंनी १९६६ मध्येच संघटना काढली होती आणि १९७० मध्ये संप करून करार मिळवला. कॅलिफोर्नियात मात्र १९९८ च्या डिसेंबरात संप करावा लागला, तेव्हा १९९९ मध्ये संघटनेला मान्यता मिळाली.

गंमत म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे एक अध्यक्ष मुळात कामगार-संबंधांचेच अभ्यासक होते. क्लार्क कर. त्यांनी १९६३ मध्ये हार्वर्डला व्याख्यानं दिली, त्यांचं पुस्तक झालं, ‘द युजेस ऑफ द युनिव्हर्सिटी’. त्यात ते मोकळेपणानं मान्य करतात की प्राध्यापकवर्ग जितका नामांकित होत जातो तितकं पदवीच्या मुलांच्या शिकवण्याकडे दुर्लक्ष होत जातं. हे विद्यापीठाचा प्रमुख सांगतोय. मोठा माणूस संशोधनात, मग वर्गात कोण? त्या रिकाम्या जागेत हा आपला टीए उभा आहे, साठ वर्षं.

‘फंडिंग’ या शब्दाकडे येऊ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार. त्या कराराचं पुढे बडोद्यात काय झालं, त्यांना कसं वागवलं गेलं, ते आपल्याला माहीत आहे. त्यात आज जात नाही. मला त्या कागदाचा एकच गुण दाखवायचा आहे. घ्यायचं किती आणि द्यायचं काय, दोन्ही त्यावर लिहिलेलं होतं, आणि शिकताना मध्ये कुणी म्हणत नव्हतं की आता शंभर पेपर तपासून द्या. शिष्यवृत्ती ती शिष्यवृत्ती, नोकरी ती नोकरी. टीएच्या पत्रात दोन्ही एकाच आकड्यात कालवलेलं असतं. पत्रावर भली मोठी रक्कम दिसते, तिचा मोठा हिस्सा म्हणजे माफ झालेली ट्यूशन, जी त्याच्या हातात कधी येतच नाही. २०१७ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या करविधेयकात ही माफ ट्यूशन उत्पन्न धरून तिच्यावर कर लावायची तरतूद आली. देशभर विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, शेवटच्या कायद्यातून ती गेली. पण प्रश्न चांगला होता की नाही? हे उत्पन्न असेल तर कशाचं? आणि उत्पन्न नसेल, तर पत्रात एवढ्या ठळक अक्षरात कशाला?

हातात येणारा आकडाही सांगतो. १४ नोव्हेंबर २०२२ ला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहाही कॅम्पसवर मिळून सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचाऱ्यांनी संप केला. टीए, संशोधन सहायक, पोस्टडॉक, सगळे. तेव्हा अर्धवेळ टीएला नऊ महिन्यांचे किमान साधारण २३,००० डॉलर मिळत होते. बर्कलीच्या घरभाड्याची ज्यांना कल्पना आहे त्यांना पुढचं सांगायला नको. संप २३ डिसेंबरला संपला. करारानं हा आकडा २०२४ च्या अखेरीपर्यंत ३४,००० वर न्यायचं ठरलं, बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोला ३६,५०० वर. संपाची वेळ लक्षात घ्या. सत्राचा शेवट, परीक्षांचे दिवस. पेपर तपासायचे कुणी? तपासणारे बाहेर फलक घेऊन उभे. विद्यापीठात शिकवण्याचं काम नेमकं कोण करतं याचा असा उघड हिशेब क्वचित होतो.

आणि याच विद्यापीठांत, याच लोकांसाठी, दर वसंतात पुरस्कार जाहीर होतात.

मी पुरस्कारांची टिंगल करायला उभा नाही. बर्कलीला जीएसआयसाठी एक वेगळं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे विभागांकडून ‘आउटस्टँडिंग जीएसआय’ निवडले जातात, आणि निवडलेल्यांना आणखी एका पुरस्कारासाठी एक छोटा निबंध लिहिता येतो. वर्गात कुठली अडचण दिसली, त्यावर काय केलं, आणि त्याचा उपयोग झाला हे कशावरून. एवढंच. मराठीत शिक्षकांनी शिकवण्याबद्दल इतकं नेमकं लिहावं असं मला फार वाटतं. आपल्याकडे शिक्षकाच्या गौरवपत्रात ‘विद्यार्थिप्रिय’, ‘हाडाचे शिक्षक’, ‘ज्ञानदानाचे पवित्र कार्य’ असतं; त्यानं अपूर्णांक कसे शिकवले ते कुठेच नसतं. या निबंधात ते विचारलेलं आहे. म्हणून हा लेखनप्रकार आधी आदरानं वाचला पाहिजे.

मी स्वतः मध्य-पश्चिमेतल्या एका सरकारी विद्यापीठात पाच वर्षं टीए होतो, आणि त्यातली दोन वर्षं अशाच एका पुरस्काराच्या निवड समितीवर विद्यार्थी-सदस्य म्हणून बसलो. विद्यापीठाचं नाव घेत नाही. तिथली एक फाइल सांगतो. रसायनशास्त्राची एक टीए होती. तिच्या लक्षात आलं की समीकरण संतुलित करताना मुलं पुढचा आकडा बदलण्याऐवजी खालचा आकडा बदलतात. म्हणजे पाण्याचे दोन रेणू हवेत तर एच-टू-ओच्या आधी दोन लिहायचे. मुलं ओच्या खाली दोन लिहितात. समीकरण कागदावर जुळतं, पाण्याचं मात्र हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. बहुतेक शिक्षक ‘चूक’ म्हणून पुढे जातात. हिनं मुलांना आकडे बाजूला ठेवून गोल काढायला लावले. प्रत्येक अणू एक गोल, प्रत्येक रेणू गोलांचा एक झुबका. झुबका फोडायचा नाही, झुबक्यांची संख्या बदलायची. दोन आठवड्यांत चूक बरीच कमी झाली. हे तिनं एका पानात इतकं स्वच्छ लिहिलं होतं की मला रसायन येत नसून कळलं.

आता त्याच फाइलमधलं शिफारसपत्र. त्यात कौतुक कशाचं? प्रत्येक मुलाच्या प्रयोगवहीवर ती सविस्तर शेरे लिहिते. रात्री उशिरा आलेल्या ईमेललाही उत्तर देते. परीक्षेच्या आधी रविवारी जादा तास घेते. मी समितीच्या बैठकीत सहज हिशेब मांडला. तिच्याकडे तीन सेक्शन, प्रत्येकी चोवीस मुलं. बहात्तर वह्या दर आठवड्याला. सविस्तर शेरे म्हणजे वहीला दहा मिनिटं तरी धरा. बारा तास झाले. तीन प्रयोगशाळा, प्रत्येकी तीन तास. नऊ झाले. बारा आणि नऊ एकवीस. वीस तासांची नेमणूक इथेच संपली. ऑफिस अवर्स, तयारी, प्राध्यापकांबरोबरची साप्ताहिक बैठक, ईमेल, रविवार, हे सगळं अजून बाकी आहे. समितीत थोडी शांतता पसरली, मग एक सदस्य म्हणाले, “पण हाच तर तिचा समर्पणभाव आहे.”

माझा मुद्दा तो आहे. गोलांची युक्ती ही तिची बुद्धी होती. तिला जादा वेळ लागला नव्हता, उलट वाचला असेल. समितीच्या डोळ्यांत भरला तो रविवार. पुरस्काराच्या भाषेत ‘उत्तम’ याचा अर्थ हळूहळू ‘कराराबाहेर’ असा होत जातो. जो टीए वीस तासांत नेटकं शिकवतो, सहा वाजता लॅपटॉप मिटतो आणि स्वतःच्या प्रबंधाकडे वळतो, त्याच्याबद्दल शिफारसपत्रात लिहायला काही उरत नाही. खरं तर तो त्याचं काम चोख करतोय, आणि ज्यासाठी आला ते शिक्षणही. पण त्याची फाइल पातळ. मी दोन वर्षांत पाहिलेल्या फाइलींत कामाचे तास कुठेच नव्हते. सेक्शन किती, मुलं किती, हेही अर्जात विचारलेलं नव्हतं, शिफारसपत्रातून शोधून काढावं लागे. गोष्ट सांगायची पण काळ सांगायचा नाही, अशी या लेखनप्रकाराची रीत आहे. आणि अडचण नेहमी मुलांत किंवा विषयात असते. ‘माझ्या सेक्शनमध्ये पस्तीस मुलं होती, ती पंचवीस केली असती तर प्रश्न सुटला असता’ असं लिहून बघा. प्रामाणिक वाक्य आहे. पुरस्कार मिळणार नाही.

दुसरी गोष्ट, निवड कशावरून? पुष्कळ ठिकाणी मुलांनी सत्राच्या शेवटी भरून दिलेल्या मूल्यमापनावर बराच भर असतो. उत्तर कॅरोलायना राज्य विद्यापीठातला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑनलाइन वर्ग, दोन सहायक शिक्षक, एक बाई आणि एक पुरुष. दोघांनी एकेक गट स्वतःच्या नावानं शिकवला आणि एकेक दुसऱ्याच्या. मुलांनी चेहरा पाहिलेला नाही, फक्त नाव. तपासलेलं काम सगळ्यांना एकाच वेळी परत गेलं. तरी ‘वेळेवर परत देतात का’ या प्रश्नाला पुरुषाच्या नावाला पाचांपैकी ४.३५ आणि बाईच्या नावाला ३.५५. प्रयोग लहान होता, त्यावरून सगळं जग ठरवू नये. पण घड्याळसुद्धा नावाप्रमाणे चालत असेल तर विचार करायला हवा.

आपल्या मुलांच्या दृष्टीनं त्याहून जवळचा एक जुना प्रयोग आहे. डोनाल्ड रुबिन यांचा, १९९२ चा. एकच ध्वनिमुद्रित व्याख्यान, ओहायोतल्या जन्मानं इंग्रजी बोलणाऱ्या बाईचा आवाज. काही मुलांना ऐकताना गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. दुसऱ्या गटाला त्याच आवाजात परकी ढब ऐकू आली. आणि इतकंच नाही, ऐकलेलं किती कळलं याच्या चाचणीतही त्यांना कमी गुण पडले. म्हणजे सांगलीची किंवा अमरावतीची मुलगी वर्गात तोंड उघडायच्या आधीच तिचा ॲक्सेंट मुलांनी ऐकलेला असतो. तिला सांगतात, उच्चाराचे वर्ग लाव. लावू दे. पण ओहायोच्या बाईला कुठला वर्ग लावायचा? (हशा)

मग पुरस्कार बंद करावेत का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याचं कारण भाबडं नाही. त्या पाच वर्षांत शिकवण्याबद्दल कुणी गांभीर्यानं दोन शब्द विचारले असतील तर ते याच अर्जानं. विभागात संशोधनाचीच चौकशी होते. अध्यापनावर भर असलेल्या लहान कॉलेजांत नोकरी मागताना बायोडेटातली ती एक ओळ खरोखर उपयोगी पडते. ज्या मुलीला अकरा हजार मैलांवर, म्हणजे मनाच्या हिशेबानं म्हणतोय मी, कुणीही ओळखत नाही, तिला ते प्रमाणपत्र आधार देतं. तो आधार मी काढून घेणार नाही.

आणि पगाराच्या बाजूनंही सगळं गोड नाही. कॅलिफोर्नियाच्या करारानंतर काही विभागांनी नव्या पीएचडी विद्यार्थ्यांची संख्या कमी केली. पैसे वाढवा म्हटलं की कुठून आणू म्हणतात, आणि जागा कापतात. संघटनेवर टीका करणारे हे दाखवून म्हणतात, बघा, तुमच्यामुळे. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. जागा कमी झाल्या हे नुकसान आहे, विशेषतः बाहेरून येणाऱ्यांचं. पण ज्या जागा स्वस्त मजुरीवरच उभ्या होत्या, त्यांना शिक्षणाची संधी म्हणत राहायचं का? तीनशे मुलांचा वर्ग तर तसाच आहे, त्याची ट्यूशनही तशीच येते. शिकवणारे कमी झाले तर उरलेल्यांच्या वाट्याला आणखी एक सेक्शन. आणि मग समितीपुढे आणखी जाड फाइली.

मी समितीत असताना एक सूचना केली होती. अर्जात तीन रकाने घाला: सेक्शन किती, विद्यार्थी किती, आठवड्याला प्रत्यक्ष तास किती. तास नेमणुकीपेक्षा जास्त असतील तर तो अर्ज बाद करायचा नाही, तो विभागप्रमुखांकडे पाठवायचा, खुलाशासाठी. म्हणजे पुरस्काराची फाइल ही तक्रारीची फाइलही होईल. सूचना नोंदवून घेतली गेली. पुढच्या वर्षी अर्ज जुनाच आला.

वेळ झालाय, पण एक प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून एका बाईंचा प्रश्न: माझ्या भाचीला यंदा टीएशिपचं पत्र आलं आहे. तिनं या पुरस्कारासाठी प्रयत्न करावा की नाही?)

करावा ना, ताई. वर्गात तिला जे सुचेल ते त्या त्या दिवशी वहीत लिहून ठेवायला सांगा, वर्षाच्या शेवटी आठवत नाही. पण पुरस्कार नंतरचा. आधी ते पत्र नीट वाचा. फंडिंग किती वर्षांचं आहे, आणि दरवर्षी नव्यानं ठरणार का? पैसे नऊ महिन्यांचे आहेत की बारा, म्हणजे उन्हाळ्यात भाडं कुठून भरायचं? ट्यूशन माफ आहे, पण फी माफ आहे का, कारण त्या दोन गोष्टी वेगळ्या असतात आणि फी सत्राला भरावी लागते. नेमणूक किती टक्के, म्हणजे आठवड्याला तास किती? सेक्शन किती आणि प्रत्येकात मुलं किती? पत्रात नसेल तर विभागाला ईमेल करून विचारायचं. लाजायचं कारण नाही, ते उत्तर देतात. तिथे टीएंची संघटना असेल तर करार बहुधा तिच्या वेबसाइटवर असतो, तो डाउनलोड करून विमानात वाचायला द्या. आणि पहिल्या आठवड्यापासून तास लिहायला सांगा. तारीख, काम, किती वेळ. साधी वही चालेल.